मुंबईत आवडीचं खाणं शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बदली होऊन आलेले, शिकायला आलेले आणि इथेच जन्मून आपल्या दोन-तीन स्टेशनांपलीकडे कधी खायला न गेलेले, असे सगळेच मुंबईतल्या खाण्याबद्दल साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरांमध्ये हॉटेलांची नावं येतील, पण ती सुरुवात करून देण्यापुरती. पुढची जागा तुमची तुम्हाला सापडावी, यासाठी हा खटाटोप.

मी मुंबईत नवीन आहे. सुरुवात कुठून करू?

पदार्थ ठरवण्याआधी वस्ती ठरवा. या शहरात माणसं आपापल्या गावची चूल घेऊन आली आणि जिथे ती टिकली तिथे त्यांचं खाणं टिकलं. दक्षिणेकडची कुटुंबं माटुंग्यात स्थिरावली, म्हणून इडली, रसम आणि फिल्टर कॉफी माटुंग्यात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी चेंबूरला वसली, म्हणून रविवारी सकाळी दाल-पकवान खायला चेंबूर कॅम्पात जायचं. त्याच सुमारास पंजाबी निर्वासित सायन कोळीवाड्यात आले आणि बेसन-ओवा लावून तळलेली त्यांची मासळी आज देशभरच्या मेनूकार्डांवर 'कोळीवाडा' नावाने दिसते. गिरगाव-दादरच्या मराठी वस्तीत साबुदाणा वडा, थालीपीठ आणि श्रीखंड-ताकाचं गोड पेय पियुष. लालबाग-परळच्या गिरणगावात मालवणी रस्सा आणि भाकरी.

म्हणून आधी स्टेशन निवडा, तिथे पिढ्यान्‌पिढ्या कोण राहतं ते विचारा, आणि ते लोक जे खातात तेच मागवा. अगदीच कोरी पाटी असेल तर दादर पश्चिमेपासून सुरू करा. 'प्रकाश'चा साबुदाणा वडा, 'आस्वाद'ची मिसळ, कीर्ती कॉलेजजवळचा 'अशोक'चा वडापाव, 'गोमांतक' नाहीतर 'सिंधुदुर्ग'मधलं माशाचं जेवण, हे सगळं चालत फिरण्याच्या टप्प्यात आहे. एकाच दिवशी सगळं खायचा हट्ट मात्र नको.

ॲपवरचं रेटिंग बघून जागा निवडली तर काय बिघडतं?

पत्ता, सुट्टीचा वार आणि साधारण खर्च कळायला ॲप उत्तम. चव कळायला ते तोकडं पडतं, कारण त्या एका आकड्यात एसी, पार्किंग, वेटरचं वागणं आणि जेवण असं सगळं कालवलेलं असतं. अनोळखी माणसासोबत एकाच टेबलावर बसवणाऱ्या खानावळीला चार तारे मिळणं कठीणच.

माझी पद्धत अशी: आधी एक-दोन तारेवाल्यांच्या तक्रारी वाचायच्या. 'बसायला जागा नाही', 'लगेच उठायला सांगतात', 'दोन वाजता थाळी संपली होती' अशा तक्रारी असतील तर बिनधास्त जावं. 'तेलाचा वास येत होता', 'भात गार होता' असं दोघा-तिघांनी लिहिलं असेल तर नाद सोडावा. लोकांनी टाकलेले फोटोही बघा. निम्म्याहून जास्त फोटोंत एकच पदार्थ असेल तर तिथे काय मागवायचं ते कळलंच.

मग विचारायचं कोणाला?

जो त्या भागात रोज बाहेर जेवतो त्याला. बँकेतला शिपाई, मेडिकल दुकानातला मुलगा, कुरिअरवाला, रात्रीसाठी टॅक्सीवाला. पण 'इथे चांगलं हॉटेल कुठलं?' असं विचारलंत की तो तुमच्या कपड्यांकडे बघून पाहुण्याला शोभेल असं एसी हॉटेल सांगतो. 'तुम्ही दुपारी कुठे जेवता?' असं विचारा, उत्तर बदलतं. राहत्या वस्तीत असाल तर 'घरी पाहुणे आले की तुम्ही फरसाण कुठून आणता?' हा प्रश्नही फार कामाचा आहे. पाहुण्यांपुढे कोणी वाईट फरसाण ठेवत नाही.

रस्त्यावरची चांगली गाडी ओळखायची कशी?

पैसे काढण्याआधी पाच मिनिटं बाजूला उभं राहून बघा. वड्याच्या गाडीवर तर सगळं डोळ्यांसमोरच चालतं. भाजीचे गोळे परातीत वळून ठेवलेले असतात. एकेक गोळा बेसनात बुडवून कढईच्या कडेने सोडला जातो, हातावरून ओघळलेल्या पिठाचे थेंब तेलात पडून त्यांचा चुरा होतो, झाऱ्याने आधी वडे निघतात आणि मग तो चुरा. वडे ताटात पडले की पाव चिरणारे हात हलायला लागतात आणि पुढचा घाणा सुटेपर्यंत ताट जवळपास रिकामं होतं. हे ताट बघायचं. त्यात वड्यांचा डोंगर रचून ठेवला असेल तर बाकी काही बघायची गरज नाही, पुढे चला.

तेल काळपट झालंय का, त्यावर फेस धरतोय का, हेही दिसतं. पैसे घेणारा हात आणि पाव भरणारा हात वेगळा असेल तर ती गाडी माझ्या मनातून लगेच वर चढते. प्लेटा कुठे धुतात ते बघा. एकाच बादलीत दिवसभर बुचकळत असतील तर पार्सल घ्या. छापील वर्तमानपत्रात खाणं बांधून द्यायला २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे, कारण शाईतले घटक गरम, तेलकट पदार्थात उतरतात. तरीही कोणी पेपर पुढे केला तर 'दादा, साधा कागद द्या' म्हणावं. बहुतेक जण देतात.

गर्दीबद्दल सगळेच सांगतात, पण गर्दी कसली आहे हे बघायला हवं. मोबाईल वर धरून उभी असलेली गर्दी आज आहे, उद्या नाही. ज्याला 'नेहमीचं?' एवढंच विचारलं जातं, अशी माणसं जिथे उभी असतील तिथे थांबा.

मुंबईतला सगळ्यात चांगला वडापाव कुठला?

जो कढईतून निघून दोन मिनिटं झाली आहेत तो. वडापावाची सुरुवात १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाली असं सांगितलं जातं. गिरणीच्या पाळीला निघालेल्या माणसाला चालता चालता खाता येईल असं ते खाणं होतं आणि आजही त्याची खरी परीक्षा स्टेशनाच्या दारातच होते. प्रसिद्ध ठिकाणी जाऊन गार वडा खाण्यापेक्षा आपल्या स्टेशनबाहेरच्या गाडीवर घाणा कधी निघतो ते माहीत करून घ्या. 'गरम कधी निघेल?' असं विचारून पाच मिनिटं थांबणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणीही गार वडा देत नाही. सुकी लसणाची चटणी जास्त मागा, मिरची सोबत घ्या. चीज आणि मेयोनीज घातलेला वडापाव मला पटत नाही. बटाटा, लसूण आणि पाव यांचं जमलेलं गणित त्याने विस्कटतं.

पोट बिघडेल याची भीती वाटते. काय टाळू?

शहरात पहिले काही आठवडे फक्त डोळ्यांसमोर तळलेलं, भाजलेलं, उकळलेलं खा: वडा, भजी, डोसा, पावभाजी, चहा. कच्चं नंतर. त्रास बहुतेक वेळा पाणी, बर्फ, आधी चिरून ठेवलेली फळं आणि सकाळपासून उघड्यावर असलेली ओली चटणी यांतून होतो. पाणीपुरी खायचीच तर पाणी कशाचं ते सरळ विचारा आणि हातमोजे किंवा पळी वापरणारा भय्या निवडा. पावसाळ्यात उसाचा रस आणि बर्फाचा गोळा टाळलेला बरा.

गाडीवर किंवा दुकानात अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक लावलेला असेल तर चांगलंच, पण डोळ्यांनी बघणं त्यामुळे सुटत नाही. लहान मुलं, गरोदर बायका आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर कच्च्या चटण्या आणि बाहेरचं पाणी अजिबात नको.

मिसळ खायला कुठे?

गिरगावात 'विनय हेल्थ होम', ठाण्यात तहसीलदार कचेरीशेजारची 'मामलेदार'. मामलेदारला तिखटाचे तीन दर्जे आहेत. पहिल्यांदा मध्यम मागवा. फरसाण रश्श्यात भिजून लगदा व्हायच्या आत खायचं असतं, तेव्हा फोटो नंतर.

ताजी मासळी कुठे आणि कधी?

'कुठे'इतकंच 'कधी' महत्त्वाचं. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. या दोन महिन्यांत ताटात आलेलं पापलेट बहुधा बर्फातलं किंवा दुसरीकडून आलेलं. तेव्हा खाडीतल्या चिंबोऱ्या (खेकडे) आणि कोळंबी मागवा, नाहीतर सरळ सुक्या मासळीकडे वळा. सोड्यांची (सुकवलेल्या कोळंबीची) खिचडी आणि सुक्या बोंबलाचं कालवण पावसाळ्यातच खायचं. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात आणि त्यानंतर बाजार पुन्हा भरायला लागतो.

वारही बघा. बऱ्याच मराठी घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात, त्यामुळे माशाच्या हॉटेलांत बुधवार, शुक्रवार आणि रविवारी माल भराभर उचलला जातो. जिथे माल पडून राहत नाही तिथे तो ताजा असतो, म्हणून मी शुक्रवारची दुपार निवडतो: मासळी ताजी आणि रविवारची रांगही नाही. श्रावणात ही हॉटेलं निवांत असतात, आणि आषाढाच्या शेवटच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते.

पहिल्या भेटीत पापलेटच्या मागे लागू नका. बोंबील फ्राय मागवा, कारण स्वयंपाकघराची तयारी त्यात उघडी पडते. बोंबील पाण्याने भरलेला मासा. तो चिरून, उघडून, वजनाखाली दाबून पाणी काढावं लागतं, मग हळद, मीठ, आगळ (कोकमाचा अर्क) आणि मसाला लावून रव्यात घोळवून तळायचा. दाबायचा कंटाळा केला की तव्यावर पाणी सुटतं आणि रवा गळून पडतो. बरोबर जमलेला बोंबील उचलला तरी वाकत नाही, आणि आतला मासा चावायच्या आधीच विरघळतो. पुढच्या खेपेला तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं किंवा मांदेली ही छोटी मासळी घ्या. सोलकढी फिकट गुलाबी असावी. भडक रंगाची असेल तर कोकमाऐवजी दुसऱ्या कशावर तरी भर दिला आहे असं समजा.

मेनूकार्डावर किमतीच्या जागी 'बाजारभावाप्रमाणे' लिहिलं असेल तर मागवण्याआधी भाव विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही, रोजची गिऱ्हाइकंही विचारतात. मालवणी आणि गोवन जेवणासाठी दादर-परळ, मंगळुरी गस्सी (नारळाचं कालवण) आणि नीर डोशासाठी फोर्ट. कोळ्यांच्या हातचं खायचं असेल तर वेसाव्याच्या (वर्सोव्याच्या) कोळीवाड्यात भरणाऱ्या सी-फूड महोत्सवाची तारीख हिवाळ्यात शोधून ठेवा. तिथे कोळणी स्वतः रांधून वाढतात.

इराणी हॉटेलं अजून उरली आहेत का? तिथे काय खायचं?

आहेत, पण कमी होत चालली आहेत, म्हणून लवकर जा. धोबीतलावला 'कयानी' १९०४ पासून आहे, बॅलार्ड इस्टेटला 'ब्रिटानिया' १९२३ पासून. कयानीत बन मस्का, खिमा पाव, मावा केक. ब्रिटानियात बेरी पुलाव, ज्यातली आंबट बेरी इराणची. कयानीत सकाळी साडेआठला जा: पाव ताजा असतो आणि संगमरवरी टेबलावर तासभर पेपर वाचत बसलं तरी चालतं. चहा गोड असतो, कमी साखरेचा हवा असेल तर आधी सांगा.

माटुंग्यात इडलीपलीकडे काय?

'रामा नायक' यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग, स्टेशनसमोर, १९४२ पासून. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, भाज्या आणि ताक, पोटभर. गडबड असते, पण वाढणारा पान रिकामं राहू देत नाही. सकाळच्या नाश्त्याला 'कॅफे मद्रास' किंवा 'रामाश्रय'. रविवारी आठच्या आत पोहोचलात तर रांग सुसह्य असते.

रमजानमध्ये मोहम्मद अली रोडला गेलो तर चालेल का? मी मुसलमान नाही.

चालेल काय, सगळं शहर जातं. फक्त रोजा सुटायच्या वेळी घाई करू नका; दिवसभर उपाशी असलेल्यांना आधी खाऊ द्या आणि तासाभराने पोहोचा. मिनारा मशिदीच्या आसपास मालपुवा आणि फिरनी, 'सुलेमान उस्मान'कडे मातीच्या सकोऱ्यात. सगळं थोडं थोडं घ्या, तिघांत एक प्लेट पुरते. खाणाऱ्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.

रमजान नसताना हा भाग मला जास्त आवडतो, कारण तेव्हा बोलायला सवड असते. बोहरी मोहल्ल्यात 'सुरती बारा हंडी'मध्ये रात्रभर मंद आचेवर शिजलेला पाया, आणि १८८७ पासूनच्या 'ताज आइस्क्रीम'मध्ये हाताने फिरवलेल्या संचातलं सीताफळाचं आइस्क्रीम. भेंडी बाजाराचा पुनर्विकास चालू असल्यामुळे दुकानं जागा बदलतात. जुना पत्ता घेऊन फिरण्यापेक्षा नाक्यावर नाव विचारा.

उपवास आहे, किंवा कांदा-लसूण चालत नाही. काय करू?

उपवासाला दादर आणि गिरगाव: साबुदाणा वडा, उपवासाची मिसळ, पियुष. कांदा-लसूण नको असेल तर घाटकोपरची खाऊगल्ली, झवेरी बाजार आणि वाळकेश्वर, जिथे जैन पावभाजी नुसती मागितली की मिळते. वेगळा तवा वापरतात का ते मात्र विचारा.

पगार बेताचा आहे. रोज बाहेर जेवायचं तर काय मार्ग?

खानावळ आणि पोळीभाजी केंद्र. या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण या शहराला जेवू घालण्याचं सगळ्यात मोठं काम ज्यांनी केलं त्यांची नावं कुठल्याच यादीत नसतात. गिरणगावात गावाकडून एकटे आलेले कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे आणि जवळपासच्या चाळीतली एखादी बाई महिन्याच्या हिशेबाने त्यांना दोन वेळचं वाढायची. धान्य उधारीवर, उधारी सावकाराची, व्याज जबर. अशा खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, खानावळींची पानंही ओसरली. पण तो धंदा मेला नाही. आज इमारतीच्या तळमजल्यावर, एका खिडकीतून पोळ्या, दोन भाज्या आणि आमटी विकणारी केंद्रं तुम्हाला प्रत्येक उपनगरात दिसतात.

ती गुगलवर क्वचित सापडतात. संध्याकाळी सातच्या सुमारास डबे घेऊन उभी असलेली रांग शोधा. महिन्याचं ठरवण्याआधी आठवडाभर रोज वेगळं मागवून बघा. काकू आमटीत चिंच घालतात की आमसूल, पोळीला तेल लावतात की नाही, हे रोज खाताना महत्त्वाचं ठरतं. अगदीच तंगी असेल तर जवळ शिवभोजन केंद्र आहे का बघा. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत थाळी देणारी ही योजना सुरू झाली.

मी एकटी बाई आहे. एकटीने खायला जाताना संकोच वाटतो.

उडुपी हॉटेलापासून सुरुवात करा. तिथे एकटी बसून डोसा खाणाऱ्या बाईकडे कोणी वळूनही बघत नाही. दादर, गिरगाव, पार्ले, माटुंगा इथल्या मराठी हॉटेलांतही तसंच. टेबल वाटून घ्यायची वेळ आली तर 'एखाद्या ताईंच्या टेबलावर बसवा' असं गल्ल्यावरच्या माणसाला सांगितलं की व्यवस्था होते. नवी खाऊगल्ली पहिल्यांदा दुपारी किंवा संध्याकाळी सातच्या आत बघून ठेवा, मग रात्री जायचं की नाही ते ठरवा. एकाच ठिकाणी महिन्यात तीन-चारदा गेलात की गल्ल्यावरचे काका ओळखू लागतात, आणि मग पुस्तक उघडून जेवत बसलात तरी कोणी घाई करत नाही.

बिलात सर्व्हिस चार्ज लावला तर द्यावाच लागतो का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की हॉटेलांनी तो परस्पर बिलात घालू नये, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती भूमिका कायम ठेवली. शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. सेवा आवडली असेल तर टिप वेटरच्या हातात द्या.

आवडतं हॉटेल बदललं, चव गेली. आता?

आधी विचारा: आचारी बदलला का? बऱ्याचदा तो त्याच भागात दुसरीकडे लागलेला असतो आणि वेटर पत्ता सांगतो. जागेचं भाडं वाढलं, मुलं दुसऱ्या व्यवसायात गेली, इमारत पुनर्विकासात गेली, अशा कारणांनी चांगल्या जागा बंद होतात. खोताच्या वाडीतलं 'अनंताश्रम' असंच गेलं आणि गिरगावकर अजून हळहळतात. म्हणून आवडत्या जागी वरचेवर जा, पार्सलपेक्षा बसून खा आणि जेवण आवडलं तर आत भटारखान्यापर्यंत निरोप पोहोचेल असं सांगा. भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाला कौतुक फार क्वचित ऐकायला मिळतं.

पाहुणे एकच दिवस आहेत. कुठे नेऊ?

सकाळी आठला माटुंग्यात इडली-कॉफी. तिथून दादरला येऊन फूल बाजार बघा, म्हणजे भूक पुन्हा लागते. दुपारी मासे चालत असतील तर मालवणी थाळी, नाहीतर 'प्रकाश' किंवा 'आस्वाद'. चारला धोबीतलावला इराणी चहा, सूर्य मावळताना गिरगाव चौपाटीवर भेळ. रात्री कोणाला भूक उरली असेल तर ताडदेवला 'सरदार'ची पावभाजी, आणि लोणी कमी घालायला आधीच सांगा. रविवारी फोर्टमधली ऑफिसवाल्यांच्या जिवावर चालणारी बरीच हॉटेलं बंद असतात, तेव्हा त्या बाजूचा बेत असेल तर आदल्या दिवशी फोन करून खात्री करा.